आवजो म्हणजे या

फाटक बंद होतं आणि मी त्याच्या दांड्याखालून स्कूटर आत घातली. चूक माझी होती, पूर्णपणे माझी. पण हे मला कळायला अकरा दिवस लागले, आणि तोवर मी ती चूक वळणदार अक्षरात, खाली सही ठोकून, दुसऱ्या माणसाच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो.

ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. सिल्वासाच्या एका मराठी शाळेत भाषेचा मास्तर म्हणून लागून मला सहा महिने झाले होते. वर्गातली निम्मी पोरं धुळे-नंदुरबारकडून राखोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची. ती घरात एक बोलत, गल्लीत दुसरं आणि माझ्यासमोर गप्प बसत. त्यांची भाषा शुद्ध करण्याचा विडा मी स्वतःच उचलला होता, कुणी दिला नव्हता. "शब्द आधी नीट ऐकावा, मग त्याचा अर्थ लावावा," हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की माझं पाठ झालं. मुलांचं झालं की नाही, माहीत नाही.

आम्ही नवराबायको भाड्याने राहत होतो ती वरची खोली एका गुजराती म्हातारीची. सगळे तिला बा म्हणत, म्हणून आम्हीही बा. बाचा नियम एकच होता, घरात मांसमच्छी आणायची नाही. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे. त्यामुळे दर रविवारी मी स्कूटरवरून वापीच्या बाजारात जाई, सुके बोंबील घेई, ते वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून आणी, आणि जिन्यात बा भेटलीच तर बायकोच्या गुडघ्याला लावायचा लेप आहे म्हणून सांगे. बायकोचे गुडघे उत्तम होते. पण बासमोरून जाताना तिला लंगडावं लागे.

बा रोज सकाळी झोपाळ्यावर बसलेली असे. मी स्कूटरला किक मारली की ती तिथूनच म्हणे, "आवजो, मास्तर."

गुजराती मला कुणी शिकवलं नव्हतं, पण भाषेचा मास्तर असल्यामुळे शिकायची गरजही वाटली नव्हती. आव म्हणजे ये. जो लावला की आदर आला. आवजो म्हणजे या. एवढं व्याकरण पुरे होतं. मी स्कूटर बंद करून स्टँडला लावी, पायऱ्या चढून झोपाळ्यापाशी जाई आणि विचारी, "काय, बा?" पहिले काही दिवस ती माझ्याकडे नुसती बघत राही. मग या माणसाला जाताना काहीतरी हातावर लागतं अशी तिची समजूत झाली असावी, कारण तिने शेजारी शेंगदाण्यांची डबी ठेवायला सुरुवात केली. ती आवजो म्हणे, मी परत जाई, ती मूठभर शेंगदाणे देई. सहा महिने हे चाललं. माझा अर्थ बरोबर असल्याचा पुरावा मी रोज चावत चावत शाळेत जात होतो.

आता फाटक. सिल्वासात रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर वापीला जायचं, आणि वापीला गेलं की ती पोटभर बघावी लागे, कारण बाजाराकडे जाणारा रस्ता रुळांवरूनच जाई. फाटक एकदा पडलं की मालगाड्या संपतच नसत. दोन्ही बाजूंना ट्रक, टेम्पो, बैलगाड्या, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका, शिफ्टला निघालेले कामगार. गेटमन आळशी आहे, मुद्दाम फाटक बंद ठेवतो, असं सगळ्यांचं मत. महिनाभर आधी तिथल्या लोकांनी रेल्वेला तक्रारअर्ज द्यायचं ठरवलं तेव्हा तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यात 'जनसामान्यांच्या संयमाचा बांध' वगैरे घातलं होतं. गेटमनशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. बोलायची जरूर वाटली नाही, त्याच्याविषयी दोन पानं लिहून झाली होती.

त्या रविवारी बोंबील घेऊन परत निघालो तर फाटक बंद. माझी स्कूटर सगळ्यांच्या पुढे, दांड्याला चिकटून. मुंबईकडे जाणारी एक लांबलचक मालगाडी समोरून खडखडत गेली. गेटमन हिरवं निशाण धरून उभा होता. शेवटी गार्डचा डबा आला, गेला, आणि गेटमन हात उंच करून मोठ्याने ओरडला, "आवजो!"

मला बरं वाटलं. मास्तर म्हणून ओळखतो वाटतं, असंही वाटून गेलं. मी स्कूटर तिरकी केली आणि दांड्याखालून आत शिरलो. मागून लोक ओरडले. मला वाटलं, त्यांना आधी सोडलं नाही म्हणून ओरडतायत.

पहिले रूळ ओलांडले. दुसऱ्या रुळांपाशी पुढचं चाक फटीत अडकलं, स्कूटर माझ्या हातून निसटून रुळावर आडवी झाली आणि वर्तमानपत्र फाटून बोंबील सगळीकडे पसरले. मग मी मान वर केली. स्टेशनाकडून दुसरी मालगाडी येत होती.

अशा वेळी माणसाने काय करावं, हे सांगायची गरज नसावी. मी बोंबील गोळा करू लागलो.

गेटमन शिट्टी फुंकत, लाल निशाण दोन्ही हातांनी हलवत माझ्या अंगावरून धावत इंजिनाच्या दिशेने गेला. गाडी स्टेशनातून नुकतीच हलली होती, म्हणून वेग नव्हता. ती कुरकुरत, कण्हत, माझ्यापासून पन्नासेक पावलांवर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. माझ्या हातातल्या बोंबलांकडे बराच वेळ बघत होता.

पुढे लोकांनी स्कूटर उचलली आणि मला स्टेशनावर नेलं. तिथे रेल्वेचे एक निरीक्षक होते, उत्तरेकडून नुकतेच बदलून आलेले, हिंदी बोलणारे, अतिशय सभ्य. बंद फाटकातून का शिरलात, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला बोलावलं म्हणून. कोणी? गेटमनने. काय म्हणाला? आवजो म्हणाला. म्हणजे काय? म्हणजे आइए.

त्यांनी कागद पुढे केला. लिहिण्याची संधी मिळाली की मला राहवत नाही. मी हिंदीत लिहिलं की फाटक बंद असताना गेटमन महोदय ने स्वयं मुझे 'आवजो' कहकर आमंत्रित किया. निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि माझ्या भाषेचं कौतुक केलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मोठ्या संकटातून वाचलो आणि वर भाषेची वाहवा झाली. बोंबील किती वाचले, हे तिने विचारलं.

पुढच्या रविवारी फाटकावर नवा गेटमन होता. हा तर गाडी पुढच्या स्टेशनातून निघायच्या आधीच फाटक पाडून बसे. रांग दुप्पट. जुना कुठे गेला म्हणून चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याला घरी बसवलंय, कुणा मास्तरने लिहून दिलंय की त्याने बंद फाटकात माणूस बोलावला, चौकशी लागलीय, नोकरी जाणार आणि क्वार्टरही. मी चहा अर्धा टाकून निघालो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझ्यासारख्याला मरणाच्या दारात आमंत्रण देणाऱ्याला शिक्षा नको का, असंही स्वतःला समजावलं.

मग अकरावा दिवस आला. बाची मुलगी माहेरपण आटोपून सुरतेला निघाली होती. तिची पेटी उचलायला मी, आणि निरोपाला बा, शेजारणी आणि माझी बायको, असे सगळे बस स्टँडवर गेलो. मुलगी बसमध्ये बसली. बस सुरू झाली तशी खाली उभ्या असलेल्या सगळ्या बायका हात हलवून म्हणू लागल्या, "आवजो, आवजो." मुलगीही खिडकीतून तेच म्हणत होती. मी तिची पेटी उतरवून घ्यायला पुढे झालो. बस निघून गेली. कुणीच उतरलं नाही.

मी बायकोला हळूच विचारलं, "एवढ्या सगळ्या तिला बोलावत होत्या, मग ती उतरली का नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती सहा महिने दुपारभर बाच्या झोपाळ्यावर बसत आली होती. मास्तर न होताच तिला गुजराती येत होतं.

"तुम्ही रोज घरातून निघताना मला काय म्हणता?"

"येतो म्हणतो."

"मग येता, की जाता?"

तिला तेवढ्यात काहीतरी सुचत चाललं होतं. "थांबा," ती म्हणाली, "तुम्ही त्या फाटकात शिरलात, ते कशामुळे म्हणालात?" मी गेटमनचा तो शब्द तिला पहिल्यांदाच सांगितला. एरवी मी नुसतं 'बोलावलं' म्हणत आलो होतो. ती आधी हसली, इतकी की बाला तिला धरावं लागलं. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, त्या माणसाची नोकरी चाललीय."

त्याच दुपारी मी गेटमनच्या क्वार्टरवर गेलो. दारात एक पत्र्याची ट्रंक सुतळीने बांधून ठेवलेली होती. तो ओट्यावर बसून दुसरी सुतळी वळत होता. मला ओळखून त्याने वर न बघताच बाजेकडे हात केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "बसा, मास्तर." तो नंदुरबारकडचा निघाला.

मी चाचरत सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तो गार्ड गुजराती माणूस. वीस वर्षांची वळख. गेला की मी आवजो म्हणतो. तुमाले बोलवायचं असतं तर मी 'या' नसतो म्हटलो?"

मी म्हणालो, हे तुम्ही साहेबांना का सांगितलं नाही. तो म्हणाला, सांगितलं. दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, मास्तर खोटं कशाला लिहून देईल.

यावर मी भलतंच बोललो. विचारलं, फाटक एवढा वेळ बंद का ठेवता? त्याने सुतळी खाली ठेवली. फाटकाला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, सिग्नल पडल्याशिवाय गाडी येत नाही, आणि गाडी जाईपर्यंत कुलूप निघत नाही, असं त्याने बोटांवर सांगितलं. माझ्या मर्जीचं त्यात काहीच नाही, म्हणाला. आणि एक गाडी गेली की लोक सुटतात. दुसऱ्या रुळाकडे कुणी बघत नाही. इथे जी माणसं मेली, ती बहुतेक दुसऱ्या गाडीखाली मेली.

"तुमचा अर्ज वाचून दाखवला होता मले," तो म्हणाला. "भारी मराठी. कायबी समजली नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढून निरीक्षकांकडे गेलो आणि जबाब बदलायचा आहे म्हणालो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी नाही म्हणालो. मग त्यांनी माझा कागद काढला. इतका भाषेचा अभ्यास असलेला माणूस, सहा महिने गुजराती लोकांत राहतो, आणि त्याला हा शब्द कळत नाही, हे कोण मानेल? ते म्हणाले की त्या माणसाच्या घरी जाऊन आलात, त्याची ट्रंक बघितलीत, दया आली, म्हणून आता खोटं बोलताय. पहिला जबाब खरा वाटतो, कारण तो चांगला लिहिलाय. उद्या चौकशी आहे. तुम्हाला खरंच कळत नव्हतं याचा काही पुरावा असला तर आणा.

स्वतःच्या अडाणीपणाचा साक्षीदार शोधायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. शोधायला लांब जावं लागलं नाही. ती झोपाळ्यावर बसली होती, शेजारी डबी घेऊन.

अडचण बोंबलांची होती. रेल्वेच्या कागदावर रुळावर सापडलेल्या वस्तूंची यादी होती आणि त्यात माझी स्कूटर एकटी नव्हती. बा तिथे गेली की लेपाचं बिंग फुटणार आणि खोली जाणार. रात्रभर मी बायकोला म्हणत होतो, दुसरा काही मार्ग निघेल. ती म्हणाली, "आपण खोली शोधू. त्याला क्वार्टर कोण देणार?" आणि कूस बदलून झोपली.

सकाळी बाला मागे बसवून वापीला निघालो. फाटकापाशी आलो तर ते उघडं होतं. मी सरळ घालणार, तेवढ्यात तिने माझ्या पाठीत बोटं रुतवली. थांबवलं. खाली उतरली, पदर खोचून रुळांपर्यंत चालत गेली, या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं, पुन्हा या बाजूला बघितलं आणि मग मला हाताने बोलावलं. तिच्या माहेरच्या वाटेवरच्या फाटकाला गेटमनच नव्हता. तिथे बैलगाडीतला एक माणूस आधी उतरून बघे, मग बैल पुढे काढत, असं तिने नंतर सांगितलं. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. तिने त्यांनाही हात दाखवला, थांबायचा.

चौकशीच्या खोलीत निरीक्षक होते, एक कारकून होता, आणि कोपऱ्यात गेटमन इस्त्रीचा गणवेश घालून उभा होता. निरीक्षकांनी बाला विचारलं, हा मास्तर तुमच्याकडे राहतो, याला गुजराती कळतं का?

बाने आधी माझ्याकडे बघितलं, मग गेटमनकडे. म्हणाली, "साहेब, हूं रोज कहूं छूं आवजो, ने आ रोज पाछो आवे छे."

मी रोज याला जा म्हणते आणि हा रोज परत येतो. तिने शेंगदाण्यांची डबीही काढून टेबलावर ठेवली. सहा महिन्यांत किती शेंगदाणे गेले, याचा अंदाजही ती द्यायला लागली होती, पण निरीक्षकांनी हात वर केला. त्यांना हसू दाबता येईना. कारकून लिहायचा थांबला होता. गेटमन तेवढा हसला नाही. तो कागदाकडे बघत होता.

निरीक्षकांनी मला नवा जबाब लिहायला सांगितला. मी पेन उघडताच म्हणाले, थांबा, मी सांगतो, तेवढंच लिहा. मला गुजराती कळत नाही. मला कुणी बोलावलं नाही. मी आपणहून शिरलो. तीन वाक्यं. त्यात एकही शब्द मला स्वतःचा घालू दिला नाही. जुन्या कागदावरचं 'आमंत्रित' माझ्याच हाताने खोडायला लावलं. मला दंड झाला. गेटमनला ताकीद मिळाली की ड्यूटीवर निशाण दाखवायचं, तोंड उघडायचं नाही, आणि सोमवारपासून कामावर हजर व्हायचं. तो खाली बसला. खुर्ची नव्हती, तिथेच जमिनीवर बसला.

मग कारकुनाने नियमाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली. स्कूटर एक. चप्पल एक. सुकी मछली, बिखरी हुई.

परत आल्यावर बा घराच्या फाटकात उतरली, डबी कमरेला खोचली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली की पहिल्या रविवारपासून तिला माहीत होतं, नाक तिलाही आहे, पण लंगडणाऱ्या बाईला विचारायचं कसं, म्हणून ती गप्प बसली. खोली राहिली. फक्त लेप यापुढे गच्चीवर लावायचा, असं ठरलं.

गेटमन कामावर परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी वापीहून परतताना फाटक बंदच होतं. मी दांड्यापासून चांगला दहा पावलं मागे थांबलो. मालगाडी गेली. शेवटी गार्डचा डबा आला. गार्डने वाकून काहीतरी म्हटलं. गेटमनने निशाण सरळ धरलं, ओठ घट्ट मिटून ठेवले, आणि डबा लांब जाईपर्यंत नुसता मान हलवत राहिला. ते बघून मला पुन्हा एकदा माझी लाज वाटली. वीस वर्षांचं आवजो माझ्यापायी बंद पडलं होतं.

कुलूप निघालं, दांडा वर गेला, सगळे सुटले. मी मात्र इकडे बघत होतो, तिकडे बघत होतो, पुन्हा इकडे. मागून शिव्या आल्या. मी स्कूटर ढकलत, पायी, रूळ ओलांडले आणि त्याच्यापाशी थांबलो. माफी मागायची होती, आणि या वेळी थोडक्यात मागायची असं ठरवून आलो होतो. मागितली. तो बरं म्हणाला. माझ्या पिशवीकडे बघून किंचित हसलासा वाटला. म्हणून हुरूप आला, किक मारली, आणि जिभेच्या सवयीने म्हणालो,

"बरं, येतो हं."

त्याने निशाण गुंडाळत मान हलवली.

"नका येऊ, मास्तर. मासळी न्यायला वहिनींना पाठवत जा."